रोगी घरी पोहोचतो तेव्हा

बायबलमधला रोगी बरा झाला की अनेकदा त्याला पहिली गोष्ट सांगितली जाते ती घरी जाण्याची. कफर्णहूममधल्या पक्षाघाती माणसाला येशू बाज उचलून घरी जायला सांगतो. थडग्यांमध्ये राहणारा, साखळदंड तोडणारा वेडा माणूस शुद्धीवर येतो तेव्हा त्याला येशूबरोबर होडीत बसून निघायचं असतं. त्याला नकार मिळतो आणि आपल्या माणसांत परत जा असं सांगितलं जातं. याईराची बारा वर्षांची मुलगी उठून चालू लागते. भोवतालचे थक्क झालेले असताना येशूला आठवण होते ती तिला काहीतरी खायला देण्याची. नाईन गावच्या विधवेचा मुलगा तिरडीवर उठून बसतो आणि शुभवर्तमानकार लूक आवर्जून नोंदवतो की येशूने त्याला त्याच्या आईच्या हवाली केलं.

बायबलमधलं आजारपण आणि आरोग्य हा विषय निघाला की बोलणं चमत्कारावर येऊन थांबतं. श्रद्धाळू माणूस चमत्काराची साक्ष काढतो, विवेकवादी त्याचा पुरावा मागतो. दोघांचंही लक्ष त्या एका क्षणावर खिळलेलं असतं आणि त्यानंतरचं वाक्य दोघांच्याही नजरेतून निसटतं. बायबलमधल्या आजारपणाविषयीच्या उताऱ्यांचा हा संग्रह वाचताना मराठी वाचकाने ते पुढचं वाक्य वाचावं, एवढ्यासाठी ही प्रस्तावना आहे. रोग जाणं हा या कथांमध्ये उपचाराचा अर्धाच भाग आहे. माणूस परत आपल्या माणसांत जाऊन बसला, त्याच्या हातचं पाणी घरच्यांनी घेतलं, की उपचार पुरा झाला.

रत्नागिरीत बसून हे लिहिताना हा मुद्दा पुस्तकी राहत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या गावात कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालय उभं राहिलं, ते मुंबईच्या दिनशा माणेकजी पेटीट यांच्या देणगीतून. कोकणपट्टीत तेव्हा हा रोग फार होता. ‘ग्रेज अ‍ॅनाटमी’ या ग्रंथातली चित्रं काढणारे डॉ. हेन्री व्हॅन्डाइक कार्टर मुंबईत याच रोगाचा अभ्यास करत होते. 1873 मध्ये ते त्यासाठी नॉर्वेला जाऊन आले, आणि त्याच वर्षी नॉर्वेतल्या बर्गन इथे हॅन्सेन यांना या रोगाचा जंतू दिसला. पुढे 1886 मध्ये रत्नागिरीत मनोरुग्णालय सुरू झालं. राज्यातल्या प्रमुख सरकारी मनोरुग्णालयांपैकी ते एक आहे. म्हणजे माणसांनी ज्यांना घराबाहेर काढलं अशा दोन प्रकारच्या रोग्यांना आसरा देणारं हे गाव. दोन्ही ठिकाणी रोगी आत येण्याची वाट सोपी होती. बरं होऊन घरी जाण्याची वाट बिकट होती, आणि ती औषधाने सुटणारी नव्हती.

बायबलमधल्या लेवीय या पुस्तकातला 13वा अध्याय पुष्कळांना ऐकून तरी माहीत असतो. अंगावर चट्टा दिसला की याजकाकडे जायचं. याजक चट्टा त्वचेत खोल गेलाय का, त्यावरचे केस पांढरे झालेत का हे पाहणार, सात दिवस कोंडून ठेवणार, पुन्हा पाहणार, गरज पडली तर आणखी सात दिवस. दोष ठरला की त्या माणसाने फाटके कपडे घालायचे, केस मोकळे सोडायचे, ओठ झाकून ‘अशुद्ध’ असं ओरडायचं आणि छावणीबाहेर एकटं राहायचं. आज आपण ज्याला कुष्ठरोग म्हणतो तो हा नव्हे, असंच बहुतेक अभ्यासक मानतात. बधिर झालेली बोटं, वाकलेला हात यांचा त्या अध्यायात उल्लेखही नाही. उलट सगळं अंग पांढरं झालं तर तो माणूस शुद्ध ठरतो. हाच दोष कपड्यालाही होतो, घराच्या भिंतीलाही होतो. हिरवट, तांबूस डाग भिंतीत खोल गेलेले दिसले तर दगड काढून टाका, भिंत खरवडा, नवा गिलावा करा, असं पुस्तक सांगतं. श्रावणात चिऱ्याच्या भिंतीवर चढलेली बुरशी पाहिलेल्या आणि कपाटातल्या कपड्यांवरचे तिचे ठिपके घासलेल्या कोकणी माणसाला त्या ओळी समजायला भाष्यकार लागत नाही.

पण जगभरच्या भाषांतरांत त्या दोषाला कुष्ठरोगाचं नाव चिकटलं आणि छावणीबाहेरचा तो नियम एका वेगळ्याच रोगाच्या माणसांच्या मानगुटीवर बसला. आपल्याकडे त्यांच्याविषयीची भीती बायबल येण्याआधीपासून होतीच, तिला आणखी एक आधार मिळाला. 1898 च्या लेपर्स अ‍ॅक्टने निर्धन कुष्ठरोग्यांना पकडून आश्रमात ठेवण्याची मुभा दिली. तो कायदा 2016 मध्ये रद्द झाला. जोडीदाराला कुष्ठरोग आहे एवढ्या कारणावर घटस्फोट मागण्याची सोय तर 2019 पर्यंत आपल्या व्यक्तिगत कायद्यांमध्ये होती. बहुविध औषधोपचाराची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने 1982 मध्येच केली होती. रोग गोळ्यांनी बरा होऊ लागल्यावरही तीन-साडेतीन दशकं कायद्यात तो माणूस बाहेरचाच राहिला.

लेवीयचा 14वा अध्याय मात्र कोणी वाचत नाही. तो परत येण्याचा अध्याय आहे. चट्टा गेलेल्या माणसाला भेटायला याजक स्वतः छावणीबाहेर जातो. दोन पक्षी आणले जातात आणि त्यातला एक उघड्या रानात सोडून दिला जातो. माणूस केस काढतो, कपडे धुतो, आंघोळ करतो, छावणीत येतो, पण सात दिवस आपल्या तंबूबाहेर राहतो. आठव्या दिवशी त्याच्या उजव्या कानाच्या पाळीला, उजव्या हाताच्या अंगठ्याला, उजव्या पायाच्या अंगठ्याला आधी रक्त आणि मग तेल लावलं जातं. ज्या शरीराकडे आजवर लांबून बोट दाखवलं गेलं त्याला एक माणूस आता जागोजागी हात लावतो, तोही सगळ्यांच्या देखत. गरिबाची ऐपत नसेल तर कमी खर्चाचं अर्पणही चालेल, अशी तरतूद तिथेच आहे. मिर्यामची हकिकत याला जोडून वाचावी. मोशेच्या या बहिणीला चट्टा उठला म्हणून सात दिवस छावणीबाहेर ठेवलं, आणि ती परत येईपर्यंत सगळ्या लोकांनी मुक्काम हलवला नाही. वाळवंटात पाण्यासाठी वणवण करणारा लोकांचा तांडा एका बाईसाठी थांबून राहिला. मला तिच्या रोगापेक्षा हे थांबणं महत्त्वाचं वाटतं.

येशूकडे आलेल्या कुष्ठरोग्याची मार्कने आपल्या शुभवर्तमानात सांगितलेली गोष्ट या पार्श्वभूमीवर उघडते. येशू त्याला आधी हात लावतो, शुद्ध झाल्याचं नंतर सांगतो. मग याजकाला दाखवून यायला पाठवतो, कारण याजकाच्या शब्दाशिवाय गावात कोणी त्याला उंबरा ओलांडू देणार नव्हतं. तो माणूस झालेली गोष्ट सगळीकडे सांगत सुटतो. परिणाम असा की येशूलाच उघडपणे गावात शिरता येईना, तो ओसाड जागी राहू लागला. आतला बाहेर गेला आणि बाहेरचा आत आला. मार्क यावर काही टिप्पणी करत नाही, पुढच्या प्रसंगाकडे वळतो.

आजार आला की घरात पहिला प्रश्न उठतो तो ‘का’ असा. कोणाचं काय चुकलं? देवाचं काही राहिलं का? कुळाचाराला खंड पडला का? बायबलमध्येही हा प्रश्न आहे आणि त्याला एकच उत्तर नाही, हे सुरुवातीलाच सांगायला हवं. अनुवाद या पुस्तकाच्या 28व्या अध्यायात आज्ञा मोडणाऱ्यांवर येणाऱ्या रोगांची लांबलचक यादी आहे. अलीशा संदेष्ट्याने सेनापती नामानाला बरं केल्यावर त्याच्याकडून लबाडीने चांदी आणि कपडे उकळणाऱ्या गेहजी या अलीशाच्या सेवकाला नामानाचाच रोग जडतो. पाप तसा रोग, हा हिशेब आपल्यालाही परका नाही. भारतरत्न पां. वा. काणे यांचा जन्म याच जिल्ह्यातला, चिपळूणजवळच्या पेढे-परशुरामचा. त्यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचा 1953 मध्ये निघालेला चौथा खंड पातक, प्रायश्चित्त, कर्मविपाक आणि आशौच यांसारख्या विषयांना वाहिलेला आहे. कोणत्या पापाने पुढच्या जन्मी कोणता रोग होतो, याचे कोष्टकच स्मृतींनी मांडलेले आहे. ब्रह्महत्या करणाऱ्याला क्षय, सोनं चोरणाऱ्याची नखं खराब, मद्यप्याचे दात काळे, असं मनुस्मृतीचा 11वा अध्याय सांगतो. काण्यांचा तो खंड आणि लेवीय शेजारी ठेवून वाचले तर दोन दूरच्या समाजांनी शरीराच्या भयातून किती सारखे नियम रचले ते दिसतं.

मात्र बायबलच्या आतच या हिशेबाविरुद्ध बंड उभं राहतं, आणि त्यासाठी एक अख्खं पुस्तक दिलेलं आहे. ईयोब निर्दोष आहे हे वाचकाला पहिल्याच ओळीत सांगितलं जातं. मग त्याची गुरं, मुलं, शेवटी अंगाची कातडीही जाते. राखेत बसून तो खापरीने अंग खाजवतो. तीन मित्र भेटायला येतात, त्याला ओळखूही शकत नाहीत, आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याशेजारी जमिनीवर गप्प बसून राहतात. आजाऱ्याला भेटायला जाण्याचं यापेक्षा चांगलं वर्णन मी वाचलेलं नाही. त्यानंतर ते बोलायला लागतात आणि सगळं बिघडतं. तू काहीतरी केलं असशीलच, कबूल कर, असं ते परोपरीने सांगतात. शेवटी देव त्या मित्रांवरच रागावतो. योहानाच्या शुभवर्तमानाच्या 9व्या अध्यायात जन्मांध माणसाकडे पाहून शिष्य तोच प्रश्न विचारतात: पाप याचं की याच्या आईबापांचं? येशू दोन्ही नाकारतो. पण बरा झालेल्या त्या माणसाला सभास्थानातून हाकलून देतात. त्याचे आईबापही भीतीने अंग काढून घेतात. डोळे आले आणि घर गेलं. तेव्हा येशू त्याला पुन्हा शोधून काढतो. रोग गेल्यावरही काम संपलेलं नसतं, हे या संग्रहात सर्वांत स्पष्ट दिसतं ते इथे.

स्तोत्रांमधली आजाऱ्यांची गाऱ्हाणी कोकणी वाचकाला जवळची वाटतील. देवळात गुरव किंवा मानकरी गाऱ्हाणं घालतो तेव्हा जमलेले सगळे ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. एकाचं दुखणं वाडीचं होतं. स्तोत्रंही अशीच मोठ्याने, चारचौघांत म्हणण्यासाठी होती. 38व्या स्तोत्रातल्या आजाऱ्याला जखमांच्या दुर्गंधीइतकंच सलतं ते मित्र लांब उभे राहिल्याचं.

बारा वर्षं रक्तस्राव होणाऱ्या बाईची गोष्ट बायकांनी स्वतः वाचावी, कोणाच्या प्रवचनातून ऐकू नये. मार्क तिच्याविषयी परखडपणे सांगतो की अनेक वैद्यांच्या हाताखाली तिने सोसलं, होतं नव्हतं ते खर्चलं आणि गुण येण्याऐवजी दुखणं वाढलं. लेवीयच्या 15व्या अध्यायाप्रमाणे ती बसेल ती जागा, निजेल ते अंथरूण अशुद्ध. बारा वर्षं. ज्या घरांत आजही बाई महिन्याचे चार दिवस कोपऱ्यातल्या वेगळ्या चटईवर निजते, लोणच्याच्या बरणीला हात लावत नाही, तिथे या आकड्याचं वजन वेगळं सांगावं लागणार नाही. ती गर्दीत मागून येते, चोरून वस्त्राला हात लावते आणि बरी होते. तिथेच थांबता आलं असतं. येशू मात्र कोणी हात लावला असं विचारत थांबतो, तिला पुढे येऊन सगळं सांगावं लागतं, आणि मग तो तिला मुलगी म्हणून हाक मारतो. तिचा स्पर्श विटाळ नव्हता हे त्या गर्दीसमोर स्पष्ट व्हायला हवं होतं. गुपचूप बरी होऊन ती घरी गेली असती तर तिच्या घरची ती वेगळी चटई तशीच राहिली असती.

पक्षाघाती माणसाला चौघं उचलून आणतात, दारात गर्दी म्हणून छपरावर चढतात आणि छप्पर उघडून त्याला खाली सोडतात. लूक तर कौलांतून असं लिहितो. मृगाआधी कौलं परतायला छपरावर चढलेल्या माणसाला ठाऊक आहे की एक ओळ काढली की शेजारची सरकते, माती आणि पालापाचोळा खालच्यांच्या डोक्यावर पडतो, आणि घरमालक खालून ओरडत असतो. खेड, संगमेश्वर, लांज्याच्या डोंगरातल्या धनगरवाड्यांमधून आजारी माणसाला अजूनही डोलीतून खाली आणावं लागतं. बांबूला घोंगडी बांधायची, पुढे दोघे, मागे दोघे, बदलीला आणखी चौघे, आणि पावसात निसरड्या पायवाटेने रस्ता गाठायचा. मार्कने लिहिलंय की येशूने विश्वास पाहिला तो त्या उचलून आणणाऱ्यांचा. रोग्याच्या विश्वासाबद्दल तिथे अवाक्षर नाही. तुझी श्रद्धा कमी पडली म्हणून तू बरा झाला नाहीस, असं आजाऱ्याला सुनावणाऱ्यांनी ही गोष्ट वाचावी.

अशा लोकांविषयी स्पष्टच लिहायला हवं. प्रार्थनेने बरं वाटतं हे खरं असेलही, पण गोळ्या बंद करा असं सांगणारा माणूस बायबलचा आधार घेऊ शकत नाही. हिज्कीया राजा गळवाने मरणाला टेकतो. संदेष्टा यशया देवाचा निरोप सांगतो आणि त्याच दमात अंजिरांचा लेप लावायला सांगतो. हाच हिज्कीया मोशेच्या काळातला पितळेचा साप फोडून टाकतो. सर्पदंशाने मरणाऱ्यांनी पाहून जगावं म्हणून तो साप केलेला होता, पण लोक त्याच्यापुढे धूप जाळू लागले होते. बरं करण्याचं साधन पूजेची वस्तू झाली की फोडायचं आणि गळवाला अंजीर लावायचं, हे एकाच राजाने केलं. महाडच्या बाजूला डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला. त्याआधी तिथली मुलं मांत्रिकाच्या दारात मरत होती. साप, विंचू चावलेल्या माणसाला दवाखान्यात जाण्यापासून अडवून मंत्रतंत्र करणं महाराष्ट्रात 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. कॅथलिकांच्या बायबलमधल्या सिराकच्या ग्रंथाचा 38वा अध्याय तर वैद्याचा मान ठेवा, त्याला देवानेच निर्माण केलं आहे, असं सांगतो. प्रेषित पौलाच्या प्रवासातला सोबती लूक स्वतः वैद्य होता. त्याच्या नावाचं सेंट ल्यूक्स रुग्णालय वेंगुर्ल्यात अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनने चालवलं. वेंगुर्लं 1981 पर्यंत रत्नागिरी जिल्ह्यातच होतं.  त्याच मिशनचे डॉ. विल्यम वान्लेस 1889 मध्ये भारतात आले आणि 1894 मध्ये त्यांनी मिरजेला रुग्णालय उघडलं. ही माणसं ख्रिस्ताचा प्रचार करायला आली होती, हे लपवण्याचं कारण नाही. पण त्यांनी प्रार्थनेच्या शेजारी शस्त्रक्रियेचं टेबल मांडलं आणि एकाने दुसऱ्याची जागा घेतली नाही.

बायबल आपल्याकडे मिशनऱ्यांनी आणलं असं आपण सर्रास म्हणतो, त्यालाही कोकणात एक मोठा अपवाद आहे. मराठी बोलणारे बेने इस्राएल ज्यू शतकानुशतकं या किनाऱ्यावर राहत आले, तेलाचे घाणे चालवत आणि शनिवार पाळत. आजारातून उठल्यावर, नवस फेडायला, ते एलियाहू हन्नबीचा मलिदा करतात. ताटात गोड केलेले पोहे, वर ओलं खोबरं, भोवती फळं, आणि घरचे, शेजारचे एकत्र बसून प्रार्थना म्हणून खातात. अलिबागजवळच्या खंडाळ्यात एलियाहूच्या रथाच्या खुणा खडकावर उमटल्या आहेत अशी त्यांची श्रद्धा. समाजातले बहुतेक लोक 1948 नंतर इस्राएलला गेले, तिकडेही मलिदा होतो. हा एलियाहू म्हणजे बायबलमधला संदेष्टा एलीया. तो सारफथच्या विधवेच्या मेलेल्या मुलाला वरच्या खोलीत नेतो, देवाशी भांडतो, आणि जिवंत झालेल्या मुलाला खाली आणून आईच्या हाती देतो. नाईनच्या विधवेची गोष्ट सांगताना लूकने तेच शब्द पुन्हा वापरले आहेत.

मनोरुग्णांविषयी या संग्रहात थोडंच आहे. शौल राजाला झटका यायचा तेव्हा दावीद वीणा वाजवून त्याला शांत करी, आणि त्याच शौलाने पुढे त्याच्यावर भाला फेकला. घरातल्या माणसाचं असं दुखणं सांभाळणाऱ्यांना या दोन्ही गोष्टी एका घरात असतात हे माहीत आहे. थडग्यांतल्या त्या माणसाविषयी मात्र एक नोंद करतो. तो कपडे घालून शांत बसलेला दिसल्यावर गावकरी घाबरतात आणि येशूलाच निघून जायची विनवणी करतात. वेडा होता तोवर तो त्यांना चालत होता. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने सांगितलं आहे की कुटुंब नाही किंवा कुटुंब स्वीकारत नाही, एवढ्यासाठी कोणाला मनोरुग्णालयात ठेवून घेता येणार नाही. कायद्याला हे लिहावं लागलं, यावरून बरे झालेले किती जण घरून कोणी न्यायला येण्याची वाट पाहत असतील याची कल्पना यावी.

जे बरे झाले नाहीत त्यांनाही इथे जागा दिली आहे. बेथेस्दाच्या तळ्याकाठी कितीतरी आजारी पडून होते, उठला एकच. इतरांना बरं करणारा अलीशा स्वतः आजारानेच गेला. पौलाने आपल्या देहातला काटा काढून टाकावा म्हणून तीनदा विनवलं, तो निघाला नाही. आपल्या शिष्याच्या, तीमथ्याच्या पोटाच्या तक्रारीवर पौल प्रार्थना सुचवत नाही, थोडा द्राक्षारस घे म्हणतो. आणि सोबती त्रफिमाला आजारी अवस्थेत मिलेतात सोडून आल्याचं तो एका ओळीत कळवतो, काही कारण न देता. संग्रहाच्या शेवटी 88वं स्तोत्र आणि त्याच्यापुढे त्रफिमाची ही ओळ ठेवली आहे. इतर बहुतेक दुःखाची स्तोत्रं अखेरीस आशेकडे वळतात, 88वं अंधारावरच थांबतं. ज्याच्या घरात आज कोणी अंथरुणाला खिळलेलं आहे, त्याने हवं तर वाचायला तिथूनच सुरुवात करावी.